पहिलं पोतं लाभाचं

आमच्या जळकोटच्या गोदामात पोती मोजणारे बलभीमकाका पहिल्या पोत्याला ‘एक’ कधीच म्हणत न्हाईत. शुभ म्हणून ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. मी तिथली कॉम्प्युटरवाली. काका एक्सेलच्या पहिल्या सेलमधीबी ‘लाभ’च टाकायचे. माझा काउंटचा फॉर्म्युला फक्त आकडे मोजायचा, म्हणून प्रत्येक थप्पीत एक पोतं गायब!

“काका, एक लिवा की!”

“म्या न्हाय लिवणार. तुझ्या डबड्याला शिकव, प्रतीक्षा.”

माझं डोकंच फिरलं. पण काकांपरीस फॉर्म्युला बदलणं सोपं. काउंटए टाकलं, ते अक्षरंबी मोजतंय. पोती जुळली.

परवा घरच्या सोयाबीनची पोती चढवताना पहिल्या सेलमधी मीच ‘लाभ’ लिहिलं. असल्या खुळचटपणावर माझा इश्वास न्हाय. पण सोयाबीन घरचं होतं.