मायाक्का टायरचं वय विचारते

सांगोल्याच्या बाजारात मायाक्काला फसवायचं तर दोन जन्म घ्यावे लागतील, असं तिथले व्यापारीच म्हणतात. मिठाचं पाणी पाजून पोट फुगवलेली शेळी ती लांबूनच ओळखते. मग जवळ जाते, शेळीचा ओठ वर करते, दात बघून वय ठरवते आणि एक शब्द न बोलता पुढं चालू लागते. तिचं ते न बोलणंच व्यापाऱ्यांना जास्त झोंबतं.

अशी ही बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जुनी पिकअप घेऊन ती चालवायला शिकली. दर रविवारी दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघत शेळ्या उन्हात बांधून बसायचा तिला कंटाळा आला होता, एवढंच कारण. नवरा बाळासो आधी हसला, मग घाबरला, मग साऱ्या वस्तीला कौतुकानं सांगत सुटला. लायसन आलं त्या दिवशी मायाक्कानं ते शेजारच्या पाच घरांत दाखवून आणलं.

पण दृष्ट लागावी तसं झालं. महिनाभरात दोनदा वाटेतच मागचा टायर फुटला. दुसऱ्या वेळी तर ती शेळ्या घेऊन पोचेपर्यंत बाजार उठला होता. झालं, वस्तीवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं! खरं तर मायाक्का गाडी इतकी जपून चालवायची की मागून सायकलवाला घंटी वाजवायचा. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? शेवटी बाळासोही डगमगला.

"नवं टायर घालू," तो म्हणाला, "पर येत्या रविवारी परत टायर फुटला, तर किल्ली बिभीषणाला द्यायची. मग कुरकुर करायची न्हाय."

बिभीषण म्हणजे बाळासोचा पुतण्या. मायाक्का उठून चालू लागली. तिला रडू आलं होतं, ते तिनं गोठ्यात जाऊन उरकून घेतलं.

गुरुवारी दोघं एक जुना टायर आणि एक उसनी स्टेपनी यांच्या भरवशावर, जीव मुठीत धरून सोलापूरला पोचले. होटगी रोडला मंजुनाथचं टायरचं दुकान होतं. मंजुनाथ अक्कलकोटकडचा, आल्यागेल्या बाईला 'अक्का' म्हणणारा. बाळासोनं शिरल्या शिरल्या भिंतीला टेकलेला एक दांडगा टायर हेरला. त्याच्या खाचांत बोट बुडत होतं.

"ह्योच द्या. ट्रॅक्टरवानी पकड हाय की!"

"मालक, तुमच्याकडं चिखल किती असतो?" मंजुनाथनं विचारलं.

"चिखल? आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतंय!"

"मग चिखलाचा टायर घेऊन काय करणार? डांबरीवर नुसता घूं घूं आवाज करंल आणि डिझेल पिईल. तुम्हाला बारीक नक्षीचा, कडेनं जाड, वजन पेलणारा टायर पाहिजे. खडी, ऊन आणि शेळ्या, एवढंच ना तुमचं?"

मायाक्काला माणूस पटला. पण त्यानं काढलेला टायर जरा जास्तच चमकत होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं, तर बोट काळं झालं. तेल लावून बाजारात आणलेली जनावरं तिनं आयुष्यभर पाहिली होती.

"वय किती ह्याचं?" तिनं विचारलं.

बाळासोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, टायरला कुटं वय असतंय व्हय?"

मंजुनाथ मात्र हसला नाही. "वीस वर्षं दुकान चालवतोय अक्का. हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या." तो खाली बसला आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे त्यानं दाखवले. "पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं."

मायाक्का चौथी शिकलेली होती. आकडे वाचायला तेवढं पुष्कळ.

"म्हंजी ह्यो चार वरसांचा. ठिवा तिकडंच. जरा तरणा काडा की!"

मंजुनाथ हसत हसत आत गेला आणि यंदाच तयार झालेले दोन टायर घेऊन आला. ते चढवायचे म्हणून त्यानं मागचा जुना टायर उतरवला, तशी मायाक्का त्याच्यापाशी बसली आणि पदरानं कडेची धूळ पुसून आकडे वाचू लागली. बत्तीस, बारा. दोन हजार बारा साल. तेरा वर्षांचा टायर! नक्षी नव्यासारखी शाबूत होती, पण कडेला भेगाच भेगा. हे टायर, स्टेपनीसकट, बिभीषणानंच कुठून तरी जुने आणले होते, नक्षीवर भाळून.

"फुटलेले दोन्ही ह्याचेच जोडीदार ना?" मंजुनाथ म्हणाला. "रबर वाळलंय. उन्हात वजन पडलं की फुटणारच. गाडी कुणीही चालवली असती तरी."

मायाक्काला इतका आनंद झाला की तिनं त्या वाळक्या टायरलाच मिठी मारायची बाकी ठेवली. शेवटचं वाक्य तिनं मंजुनाथला पुन्हा म्हणायला लावलं, आणि त्या वेळी बाळासोला हाताला धरून जवळ उभं केलं.

"लोकर बघून मेंढी घेतली की वो तुमच्या पुतण्यानं," ती म्हणाली, "दात बघितलंच न्हाईत!" आणि ती हसायला लागली. महिन्याभराचं हसू तिचं तुंबलं होतं. मग बाळासोही हसला, थोडा ओशाळून.

रविवारी अकरा शेळ्या घेऊन पिकअप निघाली. बाळासो मायाक्काशेजारी बसला होता खरा, पण खिडकीतून मान बाहेर काढून वाटभर मागच्या टायरचा कानोसा घेत होता. ऊन चढलं, खडीचा रस्ता आला, गेला. टायर आपले निमूट फिरत राहिले. बाजार भरायच्या आत गाडी सांगोल्यात उभी होती.

बाळासो उतरून शेळ्या सोडू लागला. तेवढ्यात वैरागचा एक व्यापारी मागून ओरडला, "ओ पाहुणं, गाडी जरा फुडं घ्या की!"

बाळासोनं दोन्ही हातांतले दोर वर करून दाखवले.

"मला काय सांगतासा? किल्ली तिची हाय. मी नुसता शेळ्या धराया आलोय."