सीटखालची दुसरी बॅटरी
परवा सुनेनं इन्व्हर्टरच्या बॅटरीचं झाकण उघडलं आणि त्या नाकाला झोंबणाऱ्या आंबूस वासानं मला साठ सालच्या आसपासचं पांढरकवडा आठवलं. तिथल्या फिरत्या दवाखान्यात मी नर्स होते. खेड्यांत बाळंतपणाला उजेड मिळावा म्हणून जीपमध्ये दिव्यासाठी दुसरी बॅटरी बसवायची होती. जीप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी ड्रायव्हरला माझ्यासमोरच बजावलं, "गाडीच्या आत ठेवून राह्यला, तर लाकडी पेटी घाल, पट्ट्यानं आवळ, अन् वायूची नळी बाहेर काढ. पेटी मी बनवून ठेवतो." ड्रायव्हर मला बहीण मानायचा. आठवड्यानं तो म्हणाला, "पक्की बसवली, ताई," म्हणून मी वाकूनही पाहिलं नाही. पुढं एका दुपारी जीप दगडगोट्यांच्या नाल्यात उतरली, सीटखालची बॅटरी उलटली आणि तेजाब माझ्या पायांवर सांडलं. त्यानंच नाल्याचं पाणी ओतून ओतून पाय धुतले, रडलासुद्धा. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या खाटेपाशी त्याला पेटीचं विचारलं, तेव्हा तोच खाली मान घालून म्हणाला, "पेटी बसवलती साहेब. पाय ठेवाले जागा नाही म्हणून ताईनंच काढाले लावली." दुसऱ्या दिवशी चाचाच ती कोरी पेटी घेऊन दवाखान्यात आले. ती न्यायला तो कधी गेलाच नव्हता. "नोकरी गेली असती, ताई," एवढंच तो पुटपुटला. पायांवरचे डाग आता सुरकुत्यांत दिसेनासे झालेत. पण त्यानं आधी मला येऊन विचारलं असतं, तर त्याच्या लेकराबाळांकडे बघून ते खोटं मी स्वतःच बोलले असते.