मुकुटाखालची उल्लोल विहीर

देवासच्या प्रतापरावांनी आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे दूरच्या डोंगरातील एका जलविद्युत केंद्रात घालवली. त्यांच्याकडे केंद्रातील उल्लोल विहिरीची देखरेख होती. उल्लोल म्हणजे उसळती लाट; परंतु सासुरवाडीच्या मंडळींना त्यातले केवळ ‘विहीर’ एवढेच कळले, आणि जावईबापू ‘विहिरीचे राखणदार’ ठरले. मुलांच्या शाळेपायी इंदिराबाई देवासलाच राहिल्या. पतीचे काम त्यांनी कधी पाहिले नाही, आणि ऐकून ते त्यांना उमगलेही नाही. निवृत्तीनंतर प्रतापरावांची एकच इच्छा उरली होती. आपण काय करत होतो, ते हिला एकदा दिसावे.

यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाने देखाव्याचे काम त्यांच्यावर सोपवले, तेव्हा त्यांचा हर्ष गगनात मावेना. मखराच्या एका अंगाला टाकी म्हणजे धरण, तेथून निघणारी लांब पारदर्शक नळी म्हणजे भुयार, आणि शेवटी तोटीखाली गरगरणारे चिमुकले चक्र. तोटीच्या अलीकडे, भुयाराला जोडलेली एक उभी, वर उघडी नळी. तीच उल्लोल विहीर. डोंगरातून कोसभर धावत आलेले पाणी, चक्राचे दार अकस्मात मिटले म्हणून जागीच थबकत नाही. त्याचा सारा वेग भुयाराच्या भिंतींवर आदळू पाहतो. अशा वेळी ते या विहिरीत वर चढते, खाली येते, पुन्हा थोडे चढते, आणि हळूहळू शांत होते.

घोटाळा भक्तीमुळे झाला. मंडळाचे अध्यक्ष भैयासाहेब जुन्या दरबारी घराण्यातले. देवाच्या मस्तकाहून उंच काही असू नये, हा त्यांच्या घरचा दंडक. उभी नळी शाडूच्या मूर्तीच्या मुकुटाहून वीतभर वर गेलेली पाहून त्यांनी कोणास न विचारता ती करवतीने कापून ठेवली, आणि स्थापनेच्या आदल्या दिवशी स्वतः हार बांधायला मखराशी वाकले. त्याच वेळी प्रतापरावांनी चाचणीसाठी तोटी मिटली. चढत्या पाण्याला नळी अपुरी पडली, आणि उसळलेल्या धारेने भैयासाहेबांच्या पगडीला यथासांग अभिषेक केला. मूर्ती वस्त्राखाली होती म्हणून वाचली.

“प्रतापराव, विसर्जन दहा दिवसांनी आहे, भिया,” पगडी पिळत भैयासाहेब माळवी ढंगात म्हणाले. उद्याच्या आरतीपर्यंत एक थेंबही बाहेर न पडण्याची व्यवस्था झाली तर देखावा राहील, नाहीतर तो हटेल, असे त्यांनी सांगितले. मात्र नळी मुकुटाखालीच हवी.

प्रतापराव खिन्न मनाने घरी आले. उंची वाढवता येत नव्हती, आणि पाणी तर चढणारच. चहाचा पेला हाती घेऊन ते परसात बसले असता इंदिराबाईंच्या माहेरच्या पितळी घंगाळाकडे त्यांची दृष्टी गेली. त्याच्या बुडाला भोक पडले होते. तरीही मोडीत न देता इंदिराबाईंनी त्यात तुळस लावली होती. प्रतापरावांचा पेला हातातच राहिला. उंची नसेल तर रुंदी द्यावी! तेवढेच पाणी ऐसपैस जागेत पसरले तर चढेल जेमतेम दोन बोटे.

“अहो, माझी तुळस!” इंदिराबाई म्हणाल्या. तिला दुसरी कुंडी मिळाली. कापलेल्या नळीचे तोंड घंगाळाच्या भोकात बसवून सांधा मेणाने बंद झाला, आणि घंगाळाचा काठ मुकुटाच्या बराच खाली राहिला.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर भैयासाहेब छत्री उघडूनच पुढे आले. हशा पिकला. प्रतापरावांनी घंगाळातील पाण्यावर एक जास्वंद सोडली आणि तोटीवर पत्नीचा हात ठेवला. इंदिराबाईंनी ती झटकन मिटली. चक्र थांबले. जास्वंद संथपणे वर आली, काठाच्या अलीकडे क्षणभर टेकल्यागत राहिली, खाली गेली, पुन्हा किंचित वर आली आणि स्थिर झाली. एक थेंबही सांडला नाही. भैयासाहेबांनी छत्री मिटली.

इंदिराबाई कितीतरी वेळ त्या फुलाकडे पाहत होत्या. “इतकी वर्षं तोंडानं सांगत बसलात,” त्या हळूच म्हणाल्या, “घंगाळात दाखवायचं होतं ना.”

इतक्यात शेजारच्या भवानीबाईंनी विचारले, हीच का ती राखणदारांची विहीर? उत्तर देण्यासाठी प्रतापरावांनी तोंड उघडले होते. पण इंदिराबाईंनी आधीच पदर खोचला होता.

“ही पाणी भरायची विहीर नव्हे हो. दार मिटलं तरी धावतं पाणी एकदम थांबत नाही, त्याला वर चढायला जागा लागते. ती जागा हे सांभाळायचे. थांबा, दाखवते.”

प्रतापराव मुकाट्याने तोटी उघडायला वाकले.