सगळ्यांना शाब्बास

आमच्या ईट गावच्या शाळेत चौथीचा वर्ग वैजनाथ गुरुजींकडे. वर्ग कायम खुशीत, कारण उत्तर काहीही द्या, गुरुजी म्हणणार, "शाब्बास! बस खाली." मी शेजारी तिसरी शिकवते. मला वाटायचं, काय प्रेमळ माणूस! प्रेमळ कसला, त्यांना ऐकूच येत नव्हतं. सोलापूरहून आणलेलं कानाचं मशीन कपाटात पडून होतं.

"अहो, लावा की ते!" एकदा मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडले.

"बाई, हळू. कानाचं कळलं तर घरी बसवतील मला. शिकवण्याबिगर मला दुसरं काय येतंय?"

मग मीही कुणाला सांगितलं नाही.

पालकसभेला सिताबाई आल्या. रानातून थेट, हातात खुरपं नव्हतं एवढंच. सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "गुरुजी, माझी गौरी तीनदा उठून म्हनली, भागाकारात शून्य कवा द्यायचं ते कळंना. तुमी शाब्बास म्हनून खाली बसवलं. पोरगी घरी येऊन रडतीया. आमी काय समजायचं?"

गुरुजींनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मान डोलावली आणि हसून म्हणाले, "छान, छान! शाब्बास."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सिताबाईंनी पदर तोंडाला लावला. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. गुरुजींनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं. शरमेनं खाली गेलेली मान सभा संपली तरी वर आली नाही.

सिताबाई काय म्हणाल्या ते मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी मशीन लावून आले. मी दारात उभी होते. "मला ऐकायला येत न्हाय, पोरांनो. म्या लपवलं, चुकलं माझं," असं म्हणून त्यांनी गौरीला उठवलं. "काय कळलं नव्हतं, बाळ? सांग आता."

आईच्या कालच्या बोलण्यानं पोरगी ओशाळली होती. खाली बघत म्हणाली, "कळलं, गुरुजी. समदं कळलं."

गुरुजींना ते स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी फळ्यावर भागाकार मांडून खडू तिच्या हातात दिला. शून्याच्या जागी येऊन ती थांबली ती हलेचना.

"एवढीशी पोर, बाई," गुरुजी माझ्याकडे वळले, "माझी लाज राखायला खोटं बोलती."

त्यांनी डोळे पुसले, मग फळा पुसला आणि भागाकार पहिल्यापासून शिकवायला घेतला.