उनिमाने घरी जाणार होते

पहिल्याच दिवशी मी त्यांना दुखावलं. साउथ ऑकलंडमधल्या आमच्या डायलिसिस युनिटमध्ये ते नवे पेशंट म्हणून आले, फाइलवर देश लिहिला होता पॅसिफिक महासागरातला किरिबाटी, आणि सुया टोचायच्या आधी काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "अच्छा, म्हणजे ते बुडणारं बेट ना?"

त्यांनी हात मागे घेतला नाही. मोडक्या पण ठाम इंग्रजीत म्हणाले, "आधी नाव नीट घे. लिहितात किरिबाटी, म्हणतात किरिबास. आणि आता तुझं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे ते सांग. मीही असंच काहीतरी बोलतो."

मला इतकी लाज वाटली की मी खरं तेच सांगितलं. मालवणच्या जवळचं गाव, प्रसिद्ध कशासाठीच नाही. आम्ही भंडारी. माझे आजोबा माडावर चढून माडी काढायचे.

म्हातारे पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "माडाची? फुलोऱ्याची पोय बांधून, टोक कापून?"

"हो."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि डावा हात पुढे केला. "टोच."

ते स्वतः आयुष्यभर माडी काढणारे. त्यांच्याकडे ती लहान बाळांनाही ताजी पाजतात आणि उरलेली आटवून काकवीसारखी करून ठेवतात. माडावर चढलेला माणूस वरून गाणं म्हणतो, पहाटे एकेका शेंड्यातून आवाज येतात, आणि डोळे मिटून सांगता येतं की कोण कुठे चढलाय. माझे आजोबा गात नसत. चढायच्या आधी एक मोठी हाळी देत, कारण वरून शेजारच्या न्हाणीघरात दिसायचं. हे मी सांगितलं तेव्हा म्हातारे खुर्चीत गदागदा हसले आणि मशीनचा अलार्म वाजला. हात हलला की सुई सरकते. त्यानंतर हसवायचं असेल तर मी आधी त्यांचा हात धरून ठेवायचे.

नाव घेऊन हाक मारलेली त्यांना आवडत नसे. म्हणाले, "उनिमाने म्हण." म्हणजे म्हातारा, पण मानाचा, गावाच्या सभेत ज्याचं ऐकतात असा. त्या सभेच्या मोठ्या छपराखाली प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. परका आला तरी तो कुणाच्या तरी जागेत बसतो, उघड्यावर कुणी राहत नाही. हे सांगून त्यांनी आमच्या युनिटकडे एक नजर टाकली. बारा खुर्च्या, बारा मशिनं. "इथे माझी जागा सात नंबर," ते म्हणाले.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर वेळी चार तास. त्यांच्या दोन्ही किडन्या साखरेने गेल्या होत्या. रक्त बाहेर काढायचं, मशीनने धुवायचं, परत आत सोडायचं. हे थांबवलं की माणूस एक-दोन आठवड्यांत जातो. त्यांना त्यांची मुलगी इथे घेऊन आली होती. न्यूझीलंडच्या व्हिसाच्या सोडतीत तिचा नंबर लागला होता, ती मनुरेवा या उपनगरात राहायची, एका वृद्धाश्रमात काम करायची. तिचं घर आमच्या घरापासून चार गल्ल्या पुढे. बायको गेल्यावर वडील एकटे पडले म्हणून तिने आणलं, आणि आल्यावर दुसऱ्या वर्षी किडन्यांचं कळलं. किरिबासमध्ये तेव्हा डायलिसिसची सोय नव्हती. म्हणजे ते इथे होते म्हणून जगले. आणि जगायचं म्हणून इथे अडकले.

पथ्य सांगायचं काम माझं. दिवसाला मोजकं पाणी. केळी नाहीत, अळकुड्या नाहीत, आणि नारळ अजिबात नाही. नारळात पोटॅशियम फार, ते रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. जन्मभर नारळावर जगलेल्या माणसाला मी, भंडाऱ्याची नात, दर महिन्याला विचारायचे, "नारळ खाल्ला नाहीत ना?" ते मान हलवायचे. कधी कधी खोटं असायचं, रिपोर्टमध्ये दिसायचं. मी रागवायचे. तोच माझा जॉब.

एकदा रिपोर्ट बघून मी म्हटलं, "उनिमाने, तुमचं फॉस्फेट फार वाढलंय. चीज आणि दूध कमी करा. गोळ्या जेवणाबरोबर घेताय ना?"

"काय वाढलंय?"

"फॉस्फेट."

त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग म्हणाले, "मी ते खणलंय."

त्या दिवशी चार तास मी जमेल तसं त्यांच्या खुर्चीशी येऊन ऐकत होते. त्यांच्या देशात एकच उंच बेट, बानाबा. बाकी सगळी वाळूची, माडाइतकीही उंची नसलेली. बानाबाच्या पोटात फॉस्फेट होतं, आणि ब्रिटिशांच्या राज्यात ते खणून जहाजांनी न्यूझीलंडला, ऑस्ट्रेलियाला जायचं, खत म्हणून शेतांवर टाकायला. बेट राहण्याजोगं उरलं नाही आणि तिथल्या लोकांना उचलून दूर फिजीतल्या एका बेटावर नेऊन ठेवलं. खणायला मजूर आजूबाजूच्या बेटांवरून यायचे. उनिमानेही विशीत तिथे गेले. धूळ पापण्यांवर बसायची, ती जेवणातही जायची. ती खणलेली माती नेतात कुठे, हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. "म्हणायचे, गवतासाठी. मला वाटायचं, थट्टा करतायत. गवतासाठी कोण बेट खणेल?"

इथे आल्यावर मुलीने त्यांना गाडीने हॅमिल्टनकडे नेलं. मोटरवे संपला तशी दोन्ही बाजूंना कुरणं सुरू झाली. त्यांनी गाडी थांबवायला लावली, कुंपणापाशी उभे राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, किती ग्रीन आहे ना?" ते काही बोलले नाहीत. "काय बोलणार?" त्यांनी मला विचारलं. मी मशीनवरचं प्रेशर लिहून घेतलं.

मार्चमध्ये एका शुक्रवारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बोटांवर हिशेब मांडला. "शुक्रवारी शेवटचं डायलिसिस. शनिवारी फिजी, तिथून आमच्या राजधानीचं, तरावाचं विमान. पुतण्या बोट ठरवतो. बोटीने दोन दिवस. पुढच्या शुक्रवारी मी घरी. मग एक आठवडा तरी मिळेल ना?"

मला कळायला वेळ लागला. "हे डॉक्टरांशी बोलायला हवं, उनिमाने."

"बोललो. ते म्हणाले, तुमचा हक्क आहे. तुला एवढंच विचारतोय, एक आठवडा मिळेल?"

"सांगता येत नाही. मिळेलही."

"मेमध्ये समुद्र शांत असतो," ते म्हणाले. त्यांचं सगळं ठरलं होतं. घराच्या मागे बापाने खणलेला बाबाईचा खड्डा होता, बाबाई म्हणजे मोठ्या अळूसारखं पीक. त्यात खारं पाणी शिरलंय असं पुतण्याने कळवलं होतं, तो बघायचा होता. बायकोच्या शेजारी जागा ठेवलेली होती. आणि चहाचा कप भरून ताजी माडी, पथ्याबिथ्याचा प्रश्न तेव्हा उरणार नव्हता.

सोमवारी त्यांची मुलगी आली. युनिटच्या बाहेर पार्किंगमध्ये तिने मला गाठलं. तिला पाचवा महिना होता. "ते तुमचं ऐकतात. घरी रोज तुमचंच. नर्सचे आजोबा असे, नर्सचे आजोबा तसे. तुम्ही सांगा ना त्यांना. बाळ होईपर्यंत तरी. ऑगस्टची तारीख आहे. माझं मूल बघायला आई उरली नाही. आजोबांनी तरी त्याला मांडीवर घेऊ दे."

नर्सने अशा गोष्टीत पडायचं नसतं. पेशंटचा निर्णय पेशंटचा. हे आम्हाला शिकवतात, मी ते नव्या मुलींना शिकवते. मी तिला तेच सांगायला हवं होतं. पण माझे वडील गेले तेव्हा कोविडमुळे बॉर्डर बंद होत्या आणि मी मनुरेवातल्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनच्या स्क्रीनवर त्यांचा अंत्यविधी पाहिला होता. नेटवर्क जायचं तसे सगळे मध्येच थिजायचे. त्या पार्किंगमध्ये समोर उभी असलेली ती मुलगी मला मीच वाटली. "बोलते," मी म्हटलं.

बुधवारी बोलले. अगदी सोप्या शब्दांत. ऑगस्टपर्यंत थांबा, बाळाला बघा, सप्टेंबरलाही समुद्र बरा असेल. तब्येत चांगली आहे तुमची, नंबर्स स्टेबल आहेत. चार महिन्यांनी काही फरक पडणार नाही.

ते छताकडे बघून म्हणाले, "तुझ्या आजोबांना त्यांची मुलगी असं म्हणाली असती तर?"

"थांबले असते," मी म्हटलं. मला काय ठाऊक! आजोबा कुणाचंच ऐकत नसत.

"मी थांबतो," ते म्हणाले. "तिच्यासाठी थांबतो. पण मला थांबायचं नाहीये, हे एका माणसाला तरी माहीत असू दे." मग डोळे मिटून घेतले. मी मान हलवली ती त्यांना दिसलीही नसेल.

मुलीने मला मिठी मारली. घरी माझ्या लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "दॅट्स सो नाइस, आई." मलाही वाटलं, नाइसच. पुढचे महिने छान गेले असं मी म्हणू शकते. ते वेळेवर यायचे, नारळही खाल्ला नाही. पण हिशेब मांडायचं त्यांनी सोडलं होतं, गाणं विचारलं तरी "विसरलो" म्हणायचे. जून-जुलैतली इथली थंडी त्यांच्या हाडांत शिरली. तीन ब्लँकेटं घालून मी त्यांना गुंडाळायचे आणि सांगायचे, आता थोडेच दिवस. सप्टेंबरचं तिकीट काढलेलं होतं.

बाळ झालं. मुलगी. ते तिला मांडीवर घेऊन बसलेला फोटो त्यांनी मला दाखवला, दोनदा. नंतरच्या सोमवारी पेशंटना आणणारी व्हॅन आली, त्यात ते नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, दार उघडलं नाही, घरासमोर अॅम्ब्युलन्स होती.

स्ट्रोक होता. मी शिफ्ट संपवून वॉर्डात गेले. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, गिळता येत नव्हतं. विमानात कुणी चढू देणार नव्हतं, बोट तर दूरच. मुलगी बाळाला घेऊन पलंगाशी बसली होती, रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. मी खुर्ची ओढून बसले. उनिमानेंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी वीस वर्षं नर्स आहे, डोळ्यांतली वेदना, भीती, भूक, सगळं वाचते. त्या नजरेतलं मला काही वाचता आलं नाही. मी त्यांची उशी सारखी केली. चादर सारखी केली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

डायलिसिस थांबवायचं ठरलं. या वेळी मुलीनेच ठरवलं. त्यानंतर ते नऊ दिवस जगले. ज्या आठवड्यासाठी त्यांनी मला विचारलं होतं, तो त्यांना मिळाला, वरच्या मजल्यावर, काचेच्या खिडकीशी, जी उघडत नाही.

त्या दिवसांत मी घरी नीट बोलत नव्हते. नवरा आयटीत, त्याला कारण-परिणाम लागतो. "स्ट्रोक तुझ्यामुळे आला का?"

"नाही."

"मेमध्ये निघाले असते तर वाटेतही येऊ शकला असता?"

"आला असता."

"मग?"

त्याचं सगळं बरोबर होतं.

कार्य त्यांच्या लोकांनी चर्चच्या हॉलमध्ये केलं. जमिनीवर चटया अंथरलेल्या, सगळे मांडी घालून बसलेले. एका म्हाताऱ्याने मला दारातून हाताला धरून नेलं आणि मुलीच्या कुटुंबाच्या चटईवर बसवलं. मग गाणी झाली, एकाच वेळी सगळे, पुरुषांचे जाड आवाज छपराला लागत होते. मध्येच तो म्हातारा इंग्रजीत म्हणाला, पाहुणीने दोन शब्द बोलावेत, आमच्यात तशी रीत आहे. मी उठले. शे-दीडशे माणसं शांत. मी म्हटलं, ते फार चांगले पेशंट होते. मग म्हटलं, त्यांनी मला किरिबास म्हणायला शिकवलं. लोक हसले, प्रेमाने, टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले.

बाहेर निघताना मुलगी गाडीपर्यंत आली. बाळ खांद्यावर झोपलेलं. "तुमच्यामुळे तिला आजोबा मिळाले," ती म्हणाली. "तीन आठवडे का होईना. मी विसरणार नाही." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ते तुमच्याशी मोकळं बोलायचे. थांबायचं नाहीये, असं कधी म्हणाले होते का?"

रस्त्यापलीकडे किराणावाला दुकानाचं शटर ओढत होता. मी बाळाच्या पाठीवर हात ठेवला, गरम होती.

"नाही," मी म्हटलं. "तसं कधीच म्हणाले नाहीत."

तिने सुस्कारा सोडला आणि मान हलवली. ती आत गेल्यावर मी गाडीत बसले. घर चार मिनिटांवर होतं. किल्ली लावायला मला बराच वेळ लागला.