आधी शेटचं घर

माझी आई मरत होती आणि माझे बाबा शेटच्या पायरीवर बसून गोष्ट सांगत होते.

मी वाळूतून धावत गेले होते. बाबा सगळ्यांत खालच्या पायरीवर. अंगात खाऱ्या पाण्याने ताठ झालेला सदरा. वर ओसरीत झोपाळ्यावर सुलू, शेटची मुलगी. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. कारवारच्या पुढे गलबताला लागून एक अजस्र मासा पोहत आला होता, त्याचं बाबा तिला सांगत होते.

"बाबा, आयेक बरा नाय. घराक चला."

"थांब गो वायच."

"मगे काय झाला?" सुलूने विचारलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. "माशान तोंड उघडल्यान?"

आणि बाबा पुढे सांगू लागले.

बाबा शेटच्या गलबतावर तांडेल होते, गलबताचे प्रमुख. मंगळूरहून कौलं भरून मालवणात आणायचे. गलबत नांगरलं की तांडेलाने आधी शेटच्या घरी जायचं, माल पोचल्याचं सांगायचं, शेटने जा म्हटलं की मग आपलं घर. वाटेत घरचं माणूस दिसलं तरी बोलायचं नाही. अशी रीत होती. दर खेपेला आई आणि मी किनाऱ्यावर उभ्या असायचो. बाबा आमच्या समोरून मान खाली घालून जायचे. आई म्हणायची, "कामाचो माणूस तो. येतलो." आणि पेज परत चुलीवर ठेवायला वळायची.

शेट दुपारचे झोपलेले असले की बाबांना पायरीवर थांबावं लागे. मग सुलू त्यांच्याकडून दर्यावरच्या गोष्टी काढून घ्यायची. घरी येईपर्यंत बाबा बोलून संपलेले असायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "काय नाय गो. पाणीच पाणी." आणि कुशीवर वळायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत सुलू सगळ्यांना सांगायची. माझ्या बाबांची गोष्ट. मी पुस्तकात डोकं घालून, पान न उलटता ऐकायचे. तिच्या परकरांचा मला हेवा वाटला नाही. झोपाळ्याचाही नाही. ह्याचा वाटायचा.

त्या दिवशी मी पायरीच्या अगदी जवळ गेले. म्हटलं, "आये डोळे उघडूक नाय. जनाकाकी एकटीच बसली हा तिच्याकडे." जनाकाकी आमची शेजारीण. बाबा उठले. अर्धेच उठले. आतून शेटीण बाहेर आल्या.

"शेट अजून उठूक नाय. तेंका भेटल्याबिगर जातलंस? रीत इसारलंस?"

"नाय ओ वयनीनू. बसलंय मी."

बसले.

शेट उठले. चूळ भरली. कौलं किती फुटली ते विचारलं. मग शेटिणींनी त्यांना माझं सांगितलं. शेट हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते कौतुकाने हसले.

"चेडू बोलवक इला, तरी उठलो नाय. ह्येका म्हणतत इमान. सुलू, बघून ठेव."

बाबांचा चेहरा उजळला. मी पाहिला. तो चेहरा आमच्या घरात कधी आला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा जनाकाकी दारात उभी होती. आईच्या तोंडावर पदर ओढलेला होता. दारातून शीड दिसल्याचं सांगितल्यापासून आई मिटल्या डोळ्यांनी "इले?" एवढंच विचारत होती, काकी म्हणाली. बाबा भिंतीवर डोकं आपटून रडले. ते रडणं खोटं नव्हतं. मला रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. माशाचं पुढे काय झालं, ते सुलूला ठाऊक आहे.

तेरावं झाल्यावर शेटिणींनी आम्हाला बोलावलं.

"आता शाळा कित्याक गो? सुलू हायस्कुलात जातली. तिच्याबरोबर ऱ्हव, तिचा काय हवा-नको ता बघ. बापाशीसारखी इमानी ऱ्हवलंस तर काय कमी पडाचा नाय."

बाबांनी मान डोलावलीसुद्धा होती.

"मी येवचंय नाय," मी म्हटलं.

त्या घरात कोणी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझा आवाज मलाच परका वाटला.

वाटेत बाबा म्हणाले, "तेंचा मीठ खाल्लंव गो आपण."

"आमच्या घरातला मीठ आये इकत आणी, बाबा."

त्यांनी हात उगारला. मारला नाही. पुढे चालू लागले. त्यानंतर वर्षानुवर्षं ते माझ्या पुढेच चालत राहिले.

मी शिकले. मास्तरीण झाले. कामचुकारपणा माझ्यात नाही, आणि तो गुण बाबांचाच आहे. दोराने तळहात सोलला तरी त्यांनी सुकाणू सोडलं नाही. मीही अंगात ताप असताना उभी राहून शिकवलं आहे. पण एखाद्या मुलीला घरून बोलावणं आलं, तर धडा कुठेही असो, मी तिला म्हणते, ऊठ, पळ. मुख्याध्यापकांना हे आवडत नाही. न आवडो.

गेल्या महिन्यात बाबा गेले. सुलू समाचाराला आली. लग्न होऊन मुंबईला असते. माझ्या खुर्चीवर बसून ती मनापासून रडली.

"किती गोष्टी सांगायचे गो तुझे बाबा. तुला आठवतात?"

मला आठवत नव्हत्या. माझ्याकडे नव्हत्याच. माझ्या बाबांसाठी ती माझ्यापेक्षा जास्त रडू शकत होती. त्या रडण्याचाही मला हेवा वाटला. आजही वाटतो, हे लिहितानाही.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "आमच्या घरच्यांच्या मनात आहे, तुझ्या शाळेत तुझ्या बाबांच्या नावाने दर वर्षी बक्षीस ठेवायचं. सगळ्यात इमानी मुलाला. तुझ्याच हस्ते."

"नको."

"अगो, मान आहे हा त्यांचा."

"सुलू, त्यांचे कष्ट तुमच्या घराने घेतले. माझी आई ज्या दुपारी गेली, ती दुपार घेतली. गोष्टी तू घेतल्यास. नाव मी देणार नाही."