काचेआडचा वाघ-शेळीचा पट

संग्रहालयात पोरांच्या हातावर चापट मारणारा पहारेकरी दिसला की माझं डोकं फिरतं. ज्या वस्तू माणसांच्या हातांनी झिजल्या, त्या हातांपासूनच वाचवायच्या, हा कुठला न्याय? माझ्या या रागामागे एक दगड आहे. तो माझ्या बाबांनी कोरला होता.

आमचं गाव जळकोटकडचं. देवळापुढच्या ओट्यावर वाघ-शेळीचा पट कोरलेला होता, एक मोठा त्रिकोण आणि त्याला छेदणाऱ्या रेघा. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघाने उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी मिळून वाघांना कोंडायचं. दुपारी तिथे शेतमालकांचे डाव रंगायचे. आम्ही बौद्ध. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण ओट्यापुरतं गावाला ते अजून कळायचं होतं. बाबा तो खेळ लांब लिंबाखाली उभं राहून, बघून बघून शिकले. हातात एकही खडा न धरता त्यांनी शेकडो डाव मनातल्या मनात खेळले असतील.

मग दुष्काळ पडला आणि सगळं गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला आलं. जमीनवाले आणि बिनजमीनवाले एकाच मुकादमापुढे हजेरीला उभे राहायला लागले. दुपारी खायला सुकडी वाटून झाली की थोडी सुट्टी असायची. बाबांनी एक सपाट दगड फोडायचा म्हणून बाजूला ठेवला आणि फोडलाच नाही. रोजच्या सुट्टीत थोडा थोडा छिन्नीने त्यावर पट कोरला. वाघ म्हणून विटेचे तीन तुकडे. शेळ्यांना खडी होतीच, तिला काय तोटा!

पहिल्या दिवशी समोर कोणी बसेना. दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा सगळ्यात तरबेज गडी, गावातला एक शेतमालक, येऊन टेकला.

"वाघ माझे," तो म्हणाला.

"घ्या की," बाबा म्हणाले.

सुट्टी संपायच्या आत बाबांच्या शेळ्यांनी त्याचे तिन्ही वाघ कोंडले. मी आठेक वर्षांची होते. भूक विसरून टाळ्या पिटल्या. त्यानंतर ते दोघं रोज खेळले. खेळताना हाताला हात लागायचा आणि कोणाचं काही बिघडायचं नाही.

पाऊस झाला, काम बंद पडलं. बाबांनी तो दगड डोक्यावरून घरी आणला. शेतमालक आपल्या ओट्यावर परत गेला. एकदा वाटेत बाबांनी त्याला विचारलं, "घरी या की, डाव टाकू." तो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "आरं, ते कामावरचं होतं. आता कसं जमंल?" दुष्काळाचाही मला इतका राग आला नव्हता. माणसं शेजारी बसायला जर पाणी आटावं लागत असेल, तर असल्या गावाचं करायचं काय?

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात जो तो काहीतरी उघडायच्या घाईत होता. कुठल्याशा संस्थेने लातूर शहरात संग्रहालय काढलं आणि जुन्या वस्तू गोळा करत त्यांचे एक साहेब जीपने आमच्या गावात आले. दगड बघून हरखले. तोवर मी नांदेडला शिक्षिका झाले होते, घरी बाबांच्या समोर बसायला कोणी उरलं नव्हतं. शहरातली पोरं तरी कोण कुणाचं न विचारता समोरासमोर बसतील, असं बाबांना वाटलं. त्यांनी एकच अट घातली.

"पोरायला त्याच्यावर खेळू द्या. न्हाईतर नेऊ नका."

"अहो, त्यासाठीच तर नेतोय," साहेब म्हणाले. बाबांनी खड्यांची पिशवीही सोबत दिली.

काही महिन्यांनी आम्ही दोघं बघायला गेलो. बाबा धुतलेलं धोतर नेसून, खिशात नवे खडे घेऊन आले होते. दगड काचेच्या कपाटात होता, आरशासारखा उभा करून ठेवलेला! उभ्या पटावर खडा ठरेल कसा, एवढाही विचार कोणी केला नव्हता. पिशवीचा पत्ता नव्हता. खाली कार्ड होतं: 'पूजेचे प्राचीन यंत्र. देवळाच्या परिसरातून प्राप्त.' ज्या देवळाच्या ओट्यावर बाबांना टेकता आलं नाही, त्याच देवळाला त्यांनी बाबांचा दगड देऊन टाकला होता.

बाबांनी काचेवर बोट टेकवलं. लगेच पहारेकरी खेकसला, "ए, सरक मागं! हात लावायचा न्हाई."

आणि बाबा सरकले. लगेच, मुकाट्याने, चांगली तीन पावलं मागे. त्या पावलांना सवय होती. पहारेकऱ्यापेक्षा त्या तीन पावलांचा मला संताप आला, आणि तेवढंच रडूही आलं.

माझ्या पर्समध्ये शाळेतला खडू होता. मी कपाटासमोर फरशीवर बसले आणि पट काढायला लागले.

"ऊठ, लोकं बघून राहिलेत," बाबा कुजबुजले.

"बघू द्या. बसा तुम्ही. वाघ माझे."

बाबा बराच वेळ उभे राहिले. मग बसले, खिशातून खडे काढले. पहारेकरी साहेबांना बोलवायला धावला. साहेब तरातरा आले, फरशीकडे बघितलं, मग काचेकडे. त्याच रेघा. त्यांचा चेहरा पडला. पण चूक कबूल करायला मोठं मन लागतं. ते पहारेकऱ्याला म्हणाले, "फरशी पुसून घे."

पहारेकरी फडकं घेऊन वाकला. बाबांनी पटावर आपला पंजा ठेवला. साहेब लोकांपुढे त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी सगळ्या दालनात ऐकू गेला.

"डाव संपू द्या. मंग पुसा."

पहारेकरी फडकं धरून थांबला. साहेबही थांबले. बाबांनी मुळीच घाई केली नाही. एकेक शेळी सावकाश सरकवत त्यांनी माझे तिन्ही वाघ कोंडले, खडे मोजून खिशात टाकले आणि उठले.

"आता पुसा," ते म्हणाले.

बाबा जाऊन खूप वर्षं झाली. कार्ड अजून तेच आहे. मी दरवर्षी वर्गातली पोरं घेऊन तिथे जाते, आणि जाताना खडू विसरत नाही.